मधली रिकामी जागा

चोवीस खोल्यांचं एक छोटं हॉटेल उभं करायला आम्हाला फेब्रुवारी २०२२ ते ऑगस्ट २०२५ एवढा वेळ लागला. साडेतीन वर्षं. त्यातलं प्रत्यक्ष बांधकाम एकवीस महिन्यांचं, बाकी सगळा वेळ कागद, वाट बघणं आणि आपणच केलेलं निस्तरणं यात गेला. शहराचं नाव लिहीत नाही, कारण त्याच ऑफिसांत मला अजून फाइली घेऊन जायचंय. विषुववृत्तापासून फार लांब नसलेलं, दमट, दाटीवाटीचं शहर एवढं पुरे. अशा जागी झाडं, हवा, पाणी यांच्या आधाराने हॉटेल करायला कुणी निघालं असेल, तर त्याचे काही महिने वाचावेत म्हणून लिहितेय.

मी आर्किटेक्ट. ऑफिस चार माणसांचं, आणि याआधी हॉटेल कधीच केलेलं नव्हतं.

जागा १४ मीटर रुंद, ३१ मीटर खोल. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या, त्यामुळे उजेड-वारा यायचा तो फक्त समोरून आणि मागून. त्यावर तळमजला आणि वर चार मजले अशी जुनी इमारत. मालक दोन बहिणी. धाकटीला लॉबीत जंगल हवं होतं. मोठ्या ताईंना बँकेचा हप्ता दिसत होता.

पहिल्या आराखड्यात २८ खोल्या बसत होत्या, मजल्याला सात. पण त्यातल्या मधल्या तीन-तीन, म्हणजे एकूण बारा, बिनखिडकीच्या. मी इमारतीच्या पोटात ४ बाय साडेसहा मीटरचा चौक कापून दाखवला. तळमजल्यापासून थेट आभाळापर्यंत उघडा. मजल्याला एक खोली गेली, उरल्या २४. त्यांचे हिशेबनीस नकाशा बघून म्हणाले, “बाई, तुम्ही हवेला चार खोल्या देताय. हवा भाडं देते का?”

प्रश्न रास्त होता. मी ‘निसर्ग’ वगैरे बोलायचं टाळलं आणि तीन महिने आसपासच्या हॉटेलांचे दर रोज वहीत उतरवले. बिनखिडकीची खोली खिडकीवालीपेक्षा साधारण चौथाईने स्वस्त जात होती. मग आमच्या २८ खोल्यांचं उत्पन्न म्हणजे खिडकीवाल्या १६ खोल्यांचे १६, आणि आंधळ्या १२ खोल्यांचे ९. एकूण २५ खोल्यांइतकंच. चौकवाल्या आराखड्यात २४. म्हणजे फरक चार खोल्यांचा नव्हता, एकीचाच होता, आणि वर चार न्हाणीघरं बांधायची वाचत होती. हिशेबनिसांनी वही मागून घेतली, स्वतः बेरीज केली आणि फक्त मान हलवली. तुमच्याकडेही हाच वाद होणार, तेव्हा चित्रं दाखवण्याआधी वही तयार ठेवा.

मार्चमध्ये आम्ही तिघी चार दिवस फिरून आलो. सिंगापूरला वोहा या आर्किटेक्ट मंडळींची दोन हॉटेलं बघितली. अप्पर पिकरिंग रस्त्यावरचं पार्करॉयल २०१३ चं. त्यात १५,००० चौरस मीटर हिरवळ आहे, प्लॉटच्या दुपटीहून जास्त. दुसरं ओएशिया डाउनटाउन, २०१६ चं, २७ मजली. बाहेरून अंगभर लाल अॅल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर २१ जातींच्या वेली. मध्ये मध्ये मोठे मजले उघडे ठेवलेत, तिथून वारा आरपार जातो. फोटो मी कमीच काढले. माळी कुठून चढत असेल, पाणी कुठून येत असेल, सुकलेली पानं कुठे पडत असतील, एवढंच बघत बसले. आमच्या कामाला खरी उपयोगी पडली ती मात्र कोलंबोतली एक छोटी वास्तू, श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावा यांचं स्वतःचं घर, ‘नंबर ११’. गल्लीतली रांगेतली चार लहान घरं एकेक करत घेऊन जोडलेली, आणि आत जागोजागी उघडे चौक. काही तर एखादी चादर वाळत घालावी एवढेच. मोठ्या ताई तिथे बराच वेळ गप्प उभ्या होत्या. परतल्यावर चौकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

इमारत पाडायची की ठेवायची हे मे-जूनमध्ये ठरलं. नवी इमारत बांधताना काँक्रीट आणि लोखंडाच्या सांगाड्यापायीच सर्वांत जास्त कार्बन हवेत सुटतो, त्यामुळे तो वाचला तर पुढचं बरंच काही माफ होतं. पण सांगाडा ठेवण्याजोगा आहे का? स्ट्रक्चरच्या इंजिनिअरबाईंनी कॉलमला छोटं भोक पाडलं आणि आत फिनॉल्फ्थॅलीन नावाच्या रसायनाचा फवारा मारला. काँक्रीट धडधाकट असेल तर ते झटकन गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कधर्म मारला गेला असेल तर रंगच येत नाही, आणि तो भाग सळईपर्यंत पोचला असेल तर सळई गंजणार हे समजायचं. सदतीस भोकं. आम्ही भोकाला डोळा लावून गुलाबी यायची वाट बघायचो. मागच्या बाजूचे पाच कॉलम कोरे निघाले, बाकीचे गुलाबी. एकूण खर्चाचे शंभर भाग धरले तर दुरुस्तीला अठरा लागले. तपासणीला अर्धा भागही लागला नव्हता. तिथे काटकसर करू नका.

आता कागदांकडे येते.

प्रश्न एकच होता, पण तो प्रत्येक खिडकीवर वेगळ्या भाषेत विचारला गेला. ही मधली जागा म्हणजे काय? फॉर्मवर खोली, जिना, लॉबी, स्वयंपाकघर, गोदाम, स्वच्छतागृह, वाहनतळ असे रकाने होते. चौकाला रकाना नव्हता. नगररचना विभागातल्या साहेबांनी ‘इतर’ लिहायला सांगितलं. ‘इतर’ लिहिलं की संगणक ते क्षेत्र मंजूर क्षेत्रफळात धरत होता, आणि क्षेत्रफळ मर्यादेबाहेर जात होतं. तीन खेपा झाल्यावर समजलं की वर काच घातली तर ती जागा मोजली जाते, आभाळाला उघडी ठेवली तर मोजत नाहीत. धाकट्या बहिणीला काचेचं छप्पर फार हवं होतं. ते त्या दिवशी गेलं आणि मला मनातून बरं वाटलं, कारण उष्ण प्रदेशात चौकावर काच म्हणजे भट्टी.

इथे माझी मोठी चूक झाली. मी आधी नगररचनेचा अर्ज केला (नोव्हेंबर २०२२) आणि त्यांचा रुकार आल्यावर अग्निशमनकडे जायचं ठरवलं. वापरबदलाची आणि आराखड्याची मंजुरी मार्च २०२३ ला आली. एप्रिलमध्ये अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी छेद, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारा नकाशा, बघितला, चौकावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, “हे धुराडं आहे.”

त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आग लागली तर धूर चौकात येणार आणि वरच्या सगळ्या गॅलऱ्यांत शिरणार. वर आभाळ उघडं असल्यामुळे तो निघून जाईल, पण सुटकेची वाट तोवर धुराने भरायला नको. दोन जिने, एक पुढे, एक मागे, दोन्ही बंदिस्त. खोल्यांची दारं आगरोधक आणि आपोआप मिटणारी. गॅलरी दीडऐवजी १.८ मीटर. आणि चौकाच्या कडेने लावायचे ठरवलेले बांबूचे पडदे साफ रद्द. वेलींवर सगळ्यात जास्त वेळ गेला. “हिरवी वेल जळत नाही, वाळलेली जळते. वाळलेली कोण काढणार?” आम्ही आठवड्याला सफाई आणि त्याची नोंदवही असं लेखी दिलं. दाखला ऑगस्टमध्ये मिळाला. पण गॅलरी रुंदावली म्हणून नगररचनेची सुधारित मंजुरी पुन्हा घ्यावी लागली. तिने आणखी नऊ आठवडे खाल्ले. बांधकाम तोवर फक्त न बदलणाऱ्या भागात, म्हणजे कॉलमच्या दुरुस्तीत, सुरू ठेवलं. तेव्हा आधी अग्निशमनकडे जा, कच्चा छेद घेऊनही जा. आणि प्रत्येक नकाशावर तारीख टाका. दोन खात्यांत दोन वेगवेगळे नकाशे पोचले की तुम्ही संपलात.

बांधकाम सप्टेंबर २०२३ ला सुरू झालं. पहिले काही महिने तोडफोड आणि धूळ, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वाऱ्याबद्दल मात्र सांगायला हवं. आमच्या धंद्यात छेदावर निळे-लाल बाण काढायची पद्धत आहे. थंड हवा खालून येते, तापते, वरून निघून जाते. बाण सुंदर दिसतात. पण ही ओढ आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर चालते, आणि दमट उष्ण शहरात सावलीतल्या उघड्या चौकात तो फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा. खरं काम आरपार वारा करतो. मधल्या भिंती निघाल्यावर एका दुपारी तीन वाजता मी उदबत्त्यांचा पुडा घेऊन प्रत्येक मजल्यावर उभी राहिले. तळमजल्यावर धूर समोरून मागे सरळ निघून गेला. तिसऱ्यावर तो चौकात गेला, गोल फिरला आणि परत माझ्या तोंडावर आला. मुकादम हसत होता. त्या मजल्यावर मागच्या टोकाला एक साठवणीची खोली होती, तिने वाट अडवली होती. ती हलवून तिथे तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवली. लॉबीला एसी ठेवला नाही, छताचे पंखे आणि पुढून-मागून उघडी. ताईंनी खात्री म्हणून एसीची पाइपलाइन टाकून ठेवायला लावली. अजून वापरलेली नाही.

उन्हाचंही तसंच. उत्तरेची बाजू गार, हा पुस्तकी नियम तिथे टिकत नाही, कारण वर्षातले काही महिने सूर्य उत्तरेकडूनच जातो. आमचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी चारचं खाली आलेलं ऊन थेट अंगावर. आडवा छज्जा त्याला अडवत नाही. उभे पडदे आणि त्यांच्यावर वेल, एवढाच उपाय.

जून २०२४ मध्ये आम्ही नमुन्याची एक खोली पूर्ण सजवली. शंभरातला एक भाग तिच्यावर गेला आणि हिशेबनीस पुन्हा नाराज झाले. खोली देखणी झाली होती. पलंगामागे, बाहेरच्या भिंतीवर, केळीच्या पानांची छापील नक्षी असलेला व्हिनाइलचा वॉलपेपर. तिसऱ्या आठवड्यात दार उघडलं तर ओल्या पोत्याचा वास. पानांच्या नक्षीवर गुलाबी-जांभळट ठिपके. कॉलममधल्या गुलाबीने जीव भांड्यात पडला होता, या गुलाबीने पोटात गोळा आला. कोपऱ्यात पातं घालून कागद सोलला, तर मागची बाजू करड्या-काळ्या लवेने भरलेली. बोट लावलं की पावडर उडत होती.

कारणं तीन निघाली, आणि एकाही ब्रोशरमध्ये ती लिहिलेली नसतात. खोलीच्या मानाने एसी मोठा होता. तो दहा मिनिटांत खोली गार करून थांबायचा, त्यामुळे हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नव्हता. न्हाणीघराचा एक्झॉस्ट चोवीस तास चालू, तो जेवढी हवा बाहेर फेकत होता तेवढी दमट हवा भिंतींच्या फटींतून आत ओढत होता. आणि ती ओल भिंतीतून येऊन गार व्हिनाइलच्या पाठीला अडकून बसत होती. बाहेर पडायला वाटच नाही. उष्ण-दमट हवेतल्या हॉटेलांचं हे जुनं दुखणं आहे असं नंतर कळलं, म्हणजे चूक करून झाल्यावर.

मग वॉलपेपर सगळीकडून रद्द, भिंतींना चुन्याचा रंग. एसी एक पायरी लहान. कोरडी केलेली ताजी हवा खोलीत थोडी जास्त सोडायची, म्हणजे हवेचा दाब आतून बाहेर राहील. छताला पंखा, आणि एसी २४ ऐवजी २६-२७ वर. पंखा असला की पाहुण्यांना ते पुरतं. एसीवाल्यांशी भांडण सहा आठवडे चाललं. मोठं यंत्र विकण्यात त्यांचा फायदा, एवढंच म्हणते. एका खोलीत हे कळलं म्हणून वाचलो. चोवीस खोल्यांत कळलं असतं तर हे लिहायला मी बसलेच नसते.

झाडांबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात आणि खर्च शेवटी ठरवतात. आम्हीही तेच केलं. बागेला शंभरातले तीन भाग धरले होते, सहा लागले. भिजलेली साधी माती घनमीटरला अठराशे ते दोन हजार किलो भरते. गच्चीवर फूटभर मातीचा वाफा म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो, आणि जुनी स्लॅब दीडशेच्या आसपास भार धरून केलेली. इंजिनिअरबाईंनी गच्चीच्या नकाशावर लाल पेन्सिलने बीम आणि कॉलम गिरवून दिले, “झाडं या रेघांवरच.” आमची बाग म्हणून चौकटीसारखी दिसते.

चौकाच्या तळाला थेट ऊन वर्षातून काही आठवडे, तेही भर दुपारी तासभर. तरी मी हट्टाने तळात मधुमालती लावली. ती बिचारी उजेडाच्या शोधात नुसती उंच होत गेली, फूल नाही, खाली काड्या. माळीकाकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. “वरून खाली सोडा. वर ऊन खाईल, खाली लोंबेल.” चार महिने वाया घालवून मी त्यांचं ऐकलं. आता मधुमालती गच्चीच्या कठड्यापासून खाली येते, आणि तळात नेचे, अळूच्या कुळातली मोठ्या पानांची झाडं. फेल्टच्या खिशांची हिरवी भिंत आम्ही घेतली नाही. पंप एक दिवस बंद पडला तर ती वाळते. त्याऐवजी प्रत्येक गॅलरीच्या बाहेर पाऊण मीटरचा लोखंडी फाळका ठेवला, माळ्याला उभं राहायला. हा फाळका नकाशातून तीनदा कापला गेला आणि मी तो तीनदा परत आणला.

पाण्याचं गणित सोपं असतं. एक मिलिमीटर पाऊस चौरस मीटरला एक लिटर. तासात ५० मिलिमीटर पडला तर एकट्या चौकात १,३०० लिटर. ते आणि गच्चीचं पाणी खालच्या टाकीत जातं, गाळून फ्लश आणि बागेला. नमुन्याच्या खोलीत एसीच्या नळीखाली एका रात्री बादली ठेवली होती, सकाळी नऊ लिटर भरली. तेही आता टाकीत. धाकट्या बहिणीला मात्र त्या पाण्याचा चौकात बारीक धबधबा हवा होता. आरोग्य विभागाने विचारलं, तुषार उडणार का? कोमट साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि तुषारांतून श्वासात जातात. धबधबा गेला, त्या जागी उघडी दगडी पन्हळ आली.

जून २०२५ मध्ये बांधकामपूर्तीची पाहणी सुरळीत झाली. जुलैमध्ये डासांची. मी निर्धास्त होते. गच्चीला उतार, कुंड्यांखाली ताटल्या नाहीत, टाकीला जाळी. निरीक्षक मॅडम टॉर्च घेऊन आल्या, पन्हळ बघितली, मान हलवली आणि तिसऱ्या मजल्यावर ब्रोमेलियाडपाशी थांबल्या. त्याची पानं मुळाशी पेल्यासारखी जुळतात आणि त्या पेल्यात पाणी साठतं. मॅडमनी ड्रॉपर काढला, पेल्यात बुडवला, पांढऱ्या झाकणात पाणी सोडलं. चार अळ्या वळवळत होत्या.

“किती रोपं आहेत ही?”

“साठ.”

त्या काही बोलल्या नाहीत. लिहीत राहिल्या.

या हवेत एडिसच्या, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाच्या, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि पाणी सुकलं तरी अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. साठही रोपं दुसऱ्या दिवशी निघाली. माळीकाकांनी काही स्वतःकडे नेऊ का विचारलं, मी नाही म्हणाले. फेरपाहणीसाठी सोळा दिवस थांबलो. उद्घाटनाची छापलेली पत्रं वाया गेली. कापलेल्या बांबूची पेरंही पाणी धरतात, हेही निरीक्षक मॅडमनीच जाता जाता सांगितलं.

परवान्याच्या खिडकीवर ऑगस्टमध्ये शेवटचा फॉर्म. त्यात प्रत्येक जागेचं क्षेत्रफळ आणि ‘वापर’. चौकापुढे मी ‘आभाळाला उघडा’ लिहिलं होतं. कारकून म्हणाले, हा वापर नाही, हे वर्णन झालं. मग काय लिहू? त्यांनी पेन घेतलं, थोडा विचार केला आणि ‘येणे-जाणे’ असं लिहून शिक्का मारला. नऊ दिवसांनी परवाना आला.

तो एका वर्षाचा आहे. नूतनीकरणाचा फॉर्म मी आणून ठेवलाय. त्यात तेच रकाने आहेत, आणि त्या खिडकीवर आता दुसरे कारकून बसतात म्हणे.